व्हर्च्युअल मशीनची डिस्क संथ का चालते : कारण शोधण्याची क्रमवार पद्धत

नव्याने उभ्या केलेल्या व्हर्च्युअल मशीनला, म्हणजे एका संगणकात सॉफ्टवेअरने उभारलेल्या दुसऱ्या संगणकाला, सुरू व्हायला चार-पाच मिनिटे लागू लागली की बहुतेक नवखे वापरकर्ते आधी मेमरी वाढवतात, मग प्रोसेसरची संख्या दुप्पट करतात आणि तरीही फरक पडला नाही की संगणकच जुना झाला असे मानून प्रयत्न सोडून देतात. प्रत्यक्षात अशा तक्रारींचे मूळ बहुधा डिस्कच्या वाटेवर असते : गेस्टमधील, म्हणजे व्हर्च्युअल मशीनमधील, प्रोग्रॅमने मागितलेली माहिती खऱ्या डिस्कपर्यंत पोहोचण्यापूर्वी पाच-सहा स्तर ओलांडते आणि त्यांपैकी एकच स्तर अडून बसलेला असतो. तो स्तर नेमका कोणता हे न शोधता सेटिंग बदलत राहिल्यास एखाद्या वेळी वेग वाढेलही; पण तो का वाढला हे कळणार नाही, आणि काही सेटिंगच्या बाबतीत माहिती गमावण्याचा धोकाही नकळत पत्करला जाईल.

या लेखातील पायऱ्या लिनक्स होस्टवर, म्हणजे मशीन चालवणाऱ्या खऱ्या संगणकावर, क्यूईएमयू, केव्हीएम आणि त्यांचा कारभार पाहणारे लिबव्हर्ट वापरणाऱ्यांसाठी आहेत. व्हर्च्युअलबॉक्स हे दुसरे साधन वापरणाऱ्यांना तपासणीचा क्रम हाच ठेवता येईल. त्यांच्यासाठी वेगळ्या असलेल्या दोन-तीन बाबी पुढे दिल्या आहेत.

आधी यंत्रणा समजून घ्या

क्यूईएमयू हा प्रोग्रॅम फाब्रिस बेलार याने २००३ मध्ये प्रसिद्ध केला. प्रोसेसरपासून फ्लॉपीपर्यंत संपूर्ण संगणकाची नक्कल सॉफ्टवेअरमध्ये करणे हे त्याचे काम. फेब्रुवारी २००७ मध्ये लिनक्सच्या २.६.२० या आवृत्तीत केव्हीएम दाखल झाले आणि गेस्टमधील सूचना थेट खऱ्या प्रोसेसरवर चालवता येऊ लागल्या. प्रोसेसरचा प्रश्न त्यामुळे बराचसा सुटला. उपकरणांची नक्कल मात्र क्यूईएमयूकडेच राहिली. आजही क्यूईएमयूचे एक प्रचलित मशीन मॉडेल इंटेलच्या १९९६ मधील ४४०एफएक्स चिपसेटची नक्कल करते आणि त्यासोबत त्याच काळातील आयडीई कंट्रोलर, म्हणजे डिस्क जोडण्याचे जुन्या पद्धतीचे उपकरण, येतो.

अडचण त्या कंट्रोलरशी बोलण्याच्या पद्धतीत आहे. आयडीई डिस्कला एक आज्ञा देण्यासाठी गेस्टला किमान सात रजिस्टरांत (कंट्रोलरमधील छोट्या नोंद-कप्प्यांत) एकामागून एक मूल्ये लिहावी लागतात : कोणते उपकरण, किती सेक्टर, पत्त्याचे तीन भाग, इत्यादी. खऱ्या संगणकात हे लिखाण क्षणार्धात होते. व्हर्च्युअल मशीनमध्ये मात्र अशा प्रत्येक लिखाणासरशी गेस्ट थांबतो, ताबा केव्हीएमकडे व तेथून क्यूईएमयूकडे जातो, तेथे त्या लिखाणाचा अर्थ लावला जातो आणि मगच गेस्ट पुढे चालू लागतो. या थांबण्याला व्हीएम एक्झिट म्हणतात. तहसील कचेरीत एका दाखल्यासाठी सात खिडक्यांवर सात वेळा रांग लावावी, तसा हा प्रकार आहे. शिवाय आयडीईच्या एका चॅनेलवर एका वेळी एकच आज्ञा चालू राहू शकते, म्हणजे पहिले काम संपेपर्यंत दुसऱ्याने ताटकळत राहायचे.

व्हर्टआयओने हा व्यवहारच बदलला. येथे कोणत्याही खऱ्या उपकरणाची नक्कल नसते. गेस्ट आणि होस्ट दोघांनाही दिसणाऱ्या मेमरीत एक रांग असते. गेस्ट तिच्यात अनेक मागण्या लिहून ठेवतो आणि होस्टला एकदाच सूचना देतो. त्यासाठी गेस्टमध्ये व्हर्टआयओचा ड्रायव्हर असावा लागतो, आणि तो नसेल या भीतीनेच अनेक साधने जुने, सर्वांना समजणारे उपकरण निवडून मोकळी होतात. नवख्यांच्या संथ मशीनपैकी बरीच याच सावध निवडीमुळे संथ असतात, असे माझे मत आहे.

पायरी १ : केव्हीएम खरोखर वापरात आहे का

डिस्ककडे वळण्यापूर्वी ही तपासणी करावी, कारण येथे बिघाड असेल तर पुढचे सर्व मोजमाप निरर्थक ठरते. होस्टवर ‘व्हर्श डम्पएक्सएमएल’ ही आज्ञा मशीनच्या नावासह चालवावी आणि बाहेर आलेल्या मजकुराची पहिली ओळ पाहावी. तेथे डोमेनचा प्रकार ‘केव्हीएम’ असा हवा. तो ‘क्यूईएमयू’ असेल तर गेस्टची प्रत्येक सूचना सॉफ्टवेअरमध्ये अनुवादित होत आहे आणि मशीन अनेक पटींनी मंद चालणारच.

तसे आढळल्यास होस्टच्या ‘डेव्ह’ निर्देशिकेत ‘केव्हीएम’ नावाची फाइल आहे की नाही ते पाहावे. ती नसेल तर बायोसमध्ये इंटेलचे व्हीटी-एक्स किंवा एएमडीच्या बोर्डावर बहुधा ‘एसव्हीएम मोड’ या नावाने असलेला पर्याय बंद असण्याची शक्यता सर्वाधिक असते. ती फाइल असूनही वापरता येत नसेल तर वापरकर्ता ‘केव्हीएम’ गटात आहे का हे तपासावे. ‘व्हर्ट-होस्ट-व्हॅलिडेट’ ही आज्ञा यांतील बहुतेक बाबी एकाच वेळी तपासून देते. भाड्याने घेतलेल्या क्लाउड सर्व्हरमध्येच पुन्हा व्हर्च्युअल मशीन चालवायचे असेल, तर सेवादात्याने नेस्टेड व्हर्च्युअलायझेशनची मुभा दिलेली असावी लागते. नसल्यास तेथे दुसरा उपाय नाही.

पायरी २ : मोजल्याशिवाय काहीही बदलू नका

वेग मोजण्यासाठी ‘डीडी’ आज्ञेने शून्यांनी भरलेली मोठी फाइल लिहिण्याची प्रथा आहे. ती सोडून द्यावी. ही चाचणी बहुधा डिस्कचा नव्हे, तर मेमरीचा वेग मोजते, कारण लिहिलेले अजून डिस्कवर पोहोचलेलेच नसते. साटा या आयडीईनंतरच्या जोडणीची डिस्क असलेल्या होस्टवर सेकंदाला २ गिगाबाइट असे उत्तर आले तर ते खोटे आहे हे ओळखता यायला हवे; साटाच्या तिसऱ्या पिढीच्या तारेतून सेकंदाला सुमारे ६०० मेगाबाइटपेक्षा अधिक जाऊच शकत नाही.

‘एफआयओ’ हे साधन वापरावे. आरंभी दोन चाचण्या पुरेशा आहेत. पहिली चाचणी विखुरलेल्या वाचनाची : ब्लॉकचा आकार ४ किलोबाइट, रांगेची खोली (एका वेळी प्रलंबित ठेवलेल्या मागण्या) ३२, ‘डायरेक्ट’ हा पर्याय १, कालावधी ६० सेकंद. दुसरी लेखनाची : ब्लॉक तोच, रांगेची खोली १, आणि प्रत्येक लेखनानंतर ‘एफसिंक’, म्हणजे लिहिलेले डिस्कवर उतरेपर्यंत थांबणे. पहिलीतून समांतर मागण्या कितपत पेलल्या जातात हे कळते, तर दुसरीतून डेटाबेसला प्रत्यक्ष काय अनुभव येईल हे कळते. चाचणीसाठी नेहमी फाइलचे नाव द्यावे, डिस्क उपकरणाचे नाव कदापि देऊ नये, कारण लेखनाची चाचणी त्या उपकरणावरील सर्व माहिती पुसून टाकू शकते. होस्टचा कॅशे (मेमरीतील तात्पुरता साठा) वापरात असेल तर चाचणीची फाइल होस्टच्या मेमरीपेक्षा मोठी घ्यावी.

चाचणी चालू असताना गेस्ट आणि होस्ट या दोन्ही ठिकाणी ‘आयओस्टॅट’ ही आज्ञा ‘एक्स’ या पर्यायासह एकाच वेळी चालवावी आणि वाचनाच्या मागणीस सरासरी किती मिलिसेकंद लागले तो स्तंभ शेजारी शेजारी ठेवून पाहावा. निदानाचा निम्मा भाग येथेच उरकतो. गेस्टमध्ये ४० मिलिसेकंद आणि होस्टवर २ मिलिसेकंद दिसत असतील, तर वेळ मधल्या स्तरांत जात आहे. पायरी ३ ते ५ पाहाव्यात. दोन्हीकडे ४० असतील, तर खरी डिस्कच थकली आहे. थेट पायरी ६ कडे जावे. लेखनाच्या आकड्यांना मात्र ही तुलना तितकी सरळ लागू होत नाही, कारण होस्टचा कॅशे चालू असल्यास गेस्टचे लेखन आधीच ‘पूर्ण’ झालेले असते आणि होस्ट ते सवडीने डिस्कवर उतरवतो.

गेस्टमधील ‘टॉप’ आज्ञेच्या वरच्या ओळीत ‘एसटी’ हा आकडा सतत मोठा दिसत असेल तर होस्टवर प्रोसेसरसाठीच ओढाताण चालू आहे. त्याचा डिस्कशी संबंध नाही.

पायरी ३ : गेस्टला कोणते उपकरण दिले आहे

पायरी १ मधील त्याच मजकुरात डिस्कच्या नोंदीखाली ‘टार्गेट’ या ओळीत ‘बस’चे मूल्य लिहिलेले असते. ते ‘आयडीई’, ‘साटा’, ‘व्हर्टआयओ’ किंवा ‘स्कझी’ यांपैकी एक असेल. आयडीईबद्दल वर सांगितलेच आहे. साटा त्याहून बरे, कारण त्यात एका वेळी ३२ आज्ञा रांगेत राहू शकतात. तरीही ती नक्कलच असल्याने एक्झिटचा खर्च राहतोच. ‘स्कझी’ असेल तर कंट्रोलरचे मॉडेलही पाहावे लागते : ते ‘व्हर्टआयओ-स्कझी’ असेल तर उत्तम, एलएसआयचे जुने मॉडेल असेल तर तीही नक्कलच.

लिनक्स गेस्टच्या आतूनही हे तपासता येते, परंतु तेथे दोन गोष्टी फसवतात. डिस्कचे नाव ‘व्हीडीए’ असेल तर ती निश्चितच व्हर्टआयओ ब्लॉक डिस्क आहे. पण ‘एसडीए’ असेल म्हणून ती नक्कल आहे असे ठरत नाही, कारण व्हर्टआयओ-स्कझीची डिस्कही त्याच नावाने दिसते. ‘एलएसबीएलके’ आज्ञा मोठ्या ‘एस’ या पर्यायासह चालवल्यास उत्पादकाच्या स्तंभात ‘एटीए’ आले तर साटा किंवा आयडीई, ‘क्यूईएमयू’ आले तर स्कझी. दुसरी फसगत ‘एलएसपीसीआय’च्या यादीत होते. तेथे ‘पीआयआयएक्स३ आयडीई’ दिसले की अनेकांना दोष सापडल्यासारखे वाटते. पण ४४०एफएक्स मशीनमध्ये तो कंट्रोलर डिस्क जोडलेली नसतानाही हजर असतो.

विंडोज गेस्टमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून स्टोरेज कंट्रोलरखाली ‘रेड हॅट व्हर्टआयओ’ने सुरू होणारे नाव आहे का, एवढेच पाहावे.

लिबव्हर्टसाठीच्या ‘व्हर्ट-मॅनेजर’ या साधनात मशीन तयार करताना ऑपरेटिंग सिस्टिमचे नाव विचारले जाते, तो प्रश्न औपचारिक नाही. तेथे सर्वसाधारण पर्याय निवडल्यास साधन जुनी उपकरणे देते. आणि विंडोज निवडल्यावरही साटा डिस्क येते, कारण विंडोजमध्ये व्हर्टआयओचे ड्रायव्हर मुळात नसतात हे त्याला माहीत असते.

पायरी ४ : चालू मशीन व्हर्टआयओवर नेणे

सर्वांत जास्त मशीन येथेच मोडतात, म्हणून ही पायरी सावकाश करावी. आधी मशीन बंद करून इमेज फाइलची प्रत काढून ठेवावी.

विंडोज गेस्टची डिस्क साटावरून सरळ व्हर्टआयओवर बदलल्यास पुढच्या वेळी निळा पडदा येतो आणि त्यावर सुरुवातीची डिस्क सापडत नसल्याचा, ०एक्स७बी क्रमांकाचा दोष दिसतो. ड्रायव्हर विंडोजमध्ये नुसता कॉपी केलेला असून भागत नाही. तो सुरुवातीच्या टप्प्यातच लोड होणाऱ्या ड्रायव्हरांच्या यादीत नोंदवला गेलेला असावा लागतो, आणि तशी नोंद विंडोज त्या प्रकारचे उपकरण प्रत्यक्ष दिसल्यावर करते. म्हणून वळसा घ्यावा लागतो. मूळ डिस्क साटावरच ठेवून १ गिगाबाइटची एक रिकामी डिस्क व्हर्टआयओवर जोडावी. फेडोरा प्रकल्पाकडून मिळणारी ‘व्हर्टआयओ-विन’ ही आयएसओ फाइल सीडी म्हणून लावावी, विंडोज सुरू करून तीमधील इन्स्टॉलर चालवावा आणि नवी रिकामी डिस्क डिस्क मॅनेजमेंटमध्ये दिसू लागली याची खात्री करावी. त्यानंतर मशीन पूर्णपणे बंद करावे. फास्ट स्टार्टअप चालू असल्यास शिफ्टची कळ दाबून ठेवून शट डाउन निवडावे, अन्यथा विंडोज अर्धवट झोपते आणि जुन्या उपकरणांचीच आठवण ठेवते. आता मूळ डिस्कची बस व्हर्टआयओ करावी, बूटचा क्रम पुन्हा तपासावा आणि मशीन सुरू करावे. तात्पुरती डिस्क त्यानंतर काढून टाकता येते. विंडोज नव्याने बसवत असाल तर एवढा खटाटोप लागत नाही : डिस्क निवडण्याच्या पडद्यावर ‘लोड ड्रायव्हर’ दाबून त्याच आयएसओमधून व्हर्टआयओ ब्लॉकसाठी ‘व्हायोस्टोर’ किंवा व्हर्टआयओ-स्कझीसाठी ‘व्हायोस्कझी’ हा ड्रायव्हर द्यावा.

लिनक्समध्ये ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात, तरी दोन गोष्टी पाहाव्यात. फेडोरा आणि रेड हॅटच्या कुळात ‘ड्रॅकट’ हे साधन सुरुवातीच्या रॅमडिस्कमध्ये त्या क्षणी लागणारेच ड्रायव्हर घालते. त्यामुळे बस बदलण्यापूर्वी ‘व्हर्टआयओ_ब्लॉक’चे मॉड्यूल, म्हणजे ‘व्हर्टआयओ_बीएलके’, सक्तीने घालून रॅमडिस्क पुन्हा तयार करावी. आणि डिस्कचे विभाग कोठे जोडायचे हे सांगणाऱ्या ‘एफएसटॅब’ फाइलमध्ये विभागांची नावे ‘एसडीए१’ अशा स्वरूपात असतील तर ती यूयूआयडीने, म्हणजे विभागाच्या कायम ओळख क्रमांकाने, बदलावीत, कारण उद्या तीच डिस्क ‘व्हीडीए’ होणार आहे.

बस बदलल्यावर त्याच चाचण्या पुन्हा चालवाव्यात. व्हर्टआयओ ब्लॉक की व्हर्टआयओ-स्कझी, यावर नवख्याने फार वेळ घालवू नये. एक-दोन डिस्क असतील तर ब्लॉक, अनेक असतील तर स्कझी, एवढा निकष पुरे. मशीनमध्ये लेखन-वाचन सतत चालणार असेल तर डिस्कला स्वतंत्र ‘आयओथ्रेड’ द्यावा. तो नसल्यास डिस्कची कामे क्यूईएमयूच्या मुख्य थ्रेडवर इतर उपकरणांच्या कामांसोबत वाट पाहतात.

पायरी ५ : कॅशे, फ्लश आणि इमेज फाइल

लिबव्हर्टमध्ये कॅशेचे पाच प्रकार मिळतात. ‘नन’मध्ये होस्टचा कॅशे टाळून थेट डिस्कशी व्यवहार होतो. ‘राइटबॅक’मध्ये लेखन होस्टच्या मेमरीत साठते, गेस्टने फ्लश मागितला की ते डिस्कवर उतरवले जाते. ‘राइटथ्रू’ प्रत्येक लेखनानंतर डिस्कची वाट पाहतो. ‘डायरेक्टसिंक’ हे ‘नन’ आणि ‘राइटथ्रू’ यांचे एकत्र रूप आहे. ‘अनसेफ’ गेस्टच्या फ्लशकडे चक्क दुर्लक्ष करतो.

मशीन विलक्षण संथ असून कॅशे ‘राइटथ्रू’ असेल तर कारण सापडले असे समजावे. हा प्रकार फ्लशची मागणी नीट न करणाऱ्या जुन्या गेस्टसाठी उपयोगी होता. आजच्या गेस्टला त्याची गरज नाही. उलट टोकाला ‘अनसेफ’ लावून मिळालेला वेग पाहून हुरळून जाऊ नये. होस्टची वीज गेली तर गेस्टला ‘लिहून झाले’ असे सांगितलेली माहिती कधीच लिहिली गेलेली नसते आणि संपूर्ण फाइलसिस्टिम बिघडू शकते. पुन्हा बनवता येईल अशा तात्पुरत्या मशीनपुरताच तो वापरावा. सर्व्हरसाठी ‘नन’ आणि त्यासोबत आयओचा प्रकार ‘नेटिव्ह’ किंवा ‘आयओ_यूरिंग’ ही जोडी घ्यावी. ‘आयओ_यूरिंग’साठी क्यूईएमयू ५.० किंवा त्यापुढची आवृत्ती लागते. लॅपटॉपवर प्रयोग करणाऱ्याला ‘राइटबॅक’ पुरेसा सुरक्षित आहे.

एफसिंकची चाचणी मात्र या सर्वांनंतरही निराश करू शकते, आणि त्यात उपकरणांच्या नकलेचा दोष नसतो. घरगुती दर्जाच्या एसएसडीमध्ये वीज गेल्यावर हातातले काम पूर्ण करण्यासाठी लागणारे कपॅसिटर नसतात, म्हणून खऱ्या फ्लशला तिला वेळ लागतो. घरी कुबरनेटिस (अनेक संगणकांवर प्रोग्रॅम चालवणारी यंत्रणा) शिकणाऱ्यांना हे फार लवकर भोवते : त्यातील ‘ईटीसीडी’ या घटकाची अपेक्षा असते की शंभरातील नव्याण्णव फ्लश १० मिलिसेकंदांच्या आत व्हावेत, आणि तीन नोड, म्हणजे तीन मशीन, एकाच स्वस्त एसएसडीवर ठेवले की ती अपेक्षा पुरी होत नाही.

इमेज फाइलचे स्वरूप ‘क्यूकाऊ२’ असेल तर गेस्टचा पत्ता फाइलमध्ये कोठे आहे हे सांगणारी तक्त्यांची यादी प्रत्येक वेळी पाहावी लागते. एका क्लस्टरचा नेहमीचा आकार ६४ किलोबाइट आणि त्याची नोंद ८ बाइटांची, म्हणजे तक्त्याच्या १ मेगाबाइट कॅशेमध्ये ८ गिगाबाइट डिस्कचा हिशेब मावतो. क्यूईएमयू ३.१ पूर्वी हा कॅशे तेवढाच असे. लिनक्सवर तेथून पुढे त्याची मर्यादा ३२ मेगाबाइट झाली आणि २५६ गिगाबाइटपर्यंतची डिस्क सामावू लागली. त्याहून मोठ्या डिस्कवर विखुरलेले वाचन अचानक मंदावत असेल तर हीच मर्यादा वाढवावी.

स्नॅपशॉटवर स्नॅपशॉट (डिस्कच्या त्या त्या क्षणाच्या जपून ठेवलेल्या अवस्था) साचले असतील तर वाचनाला साखळीतील एकेक फाइल चाचपावी लागते. ‘क्यूईएमयू-इमेज इन्फो’ या आज्ञेला संपूर्ण साखळी दाखवण्याचा पर्याय देऊन ती किती लांब आहे ते पाहावे आणि नको असलेले थर ‘व्हर्श ब्लॉककमिट’ने विलीन करावेत. चालू मशीनच्या इमेजवर ‘क्यूईएमयू-इमेज’ची बदल करणारी कोणतीही आज्ञा चालवू नये, फाइल कायमची खराब होऊ शकते.

व्हर्च्युअलबॉक्ससाठी थोडेसे

विंडोज होस्टवर मशीनच्या खिडकीच्या तळाशी हिरवे कासव दिसत असेल तर व्हर्च्युअलबॉक्सला प्रोसेसरचा थेट ताबा मिळालेला नाही. हायपर-व्ही, डब्ल्यूएसएल२ किंवा कोअर आयसोलेशनमधील मेमरी इंटिग्रिटी यांपैकी काहीतरी चालू आहे. हे चिन्ह त्यांच्या पायरी १ चे उत्तर होय. कंट्रोलर आयडीई असल्यास एएचसीआय (साटा) वर न्यावा. ‘होस्ट आय/ओ कॅशे’चा पर्याय म्हणजे वर सांगितलेल्या राइटबॅकचाच भाऊबंद आहे.

डिस्कखेरीज इतर उपकरणे

नेटवर्क कार्ड ‘आरटीएल८१३९’ किंवा ‘ई१०००’ असेल तर तेथेही व्हर्टआयओ निवडावे. विंडोजचा ‘नेटकेव्हीएम’ ड्रायव्हर त्याच आयएसओमध्ये असतो. न लागणारी उपकरणे काढून टाकावीत, आणि त्याचे कारण केवळ वेग नव्हे. २०१५ मध्ये उघड झालेली ‘व्हेनम’ ही त्रुटी क्यूईएमयूच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये होती आणि ती २००४ पासून कोणाच्या लक्षात आलेली नव्हती.

पायरी ६ : खुद्द होस्टची डिस्क

मिनिटाला ७२०० फेरे घेणाऱ्या डिस्कची एक फेरी ८.३ मिलिसेकंदांची असते. सरासरी अर्धी फेरी वाट पाहणे आणि हेड सरकण्याचा वेळ धरला तर सेकंदाला शंभराच्या आसपासच विखुरलेली वाचने होतात. अशा एका डिस्कवर चार विंडोज मशीन एकाच वेळी सुरू केली तर कोणतेही सेटिंग त्यांना वाचवू शकत नाही. एसएमआर पद्धतीची, म्हणजे माहितीचे पट्टे एकमेकांवर अंशतः चढवणारी, हार्ड डिस्क असेल तर विखुरलेल्या लेखनात अवस्था याहूनही वाईट होते.

होस्टवर ‘व्हीएमस्टॅट’ चालवून ‘एसआय’ आणि ‘एसओ’ हे स्तंभ शून्याच्या जवळ आहेत का ते पाहावे. नसतील तर गेस्टची मेमरीच स्वॅपमध्ये, म्हणजे डिस्कवर, जात आहे, आणि अशा वेळी गेस्टला आणखी मेमरी देण्याने अडचण वाढते. इमेज बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमवर असेल तर कॉपी-ऑन-राइट बंद करण्याची खूण, म्हणजे ‘चॅटर’ आज्ञेचा मोठा ‘सी’, इमेज तयार करण्यापूर्वीच निर्देशिकेवर लावावी लागते. आधीच भरलेल्या फाइलवर ती लागू पडत नाही. मात्र तिच्यासोबत त्या फाइलची चेकसमने होणारी बिघाडाची पडताळणीही बंद होते, हे लक्षात घेऊनच निर्णय करावा. एसएसडी असेल तर डिस्कच्या नोंदीत ‘डिस्कार्ड’चे मूल्य ‘अनमॅप’ करून गेस्टमध्ये ‘एफएसट्रिम’ अधूनमधून चालू द्यावे, म्हणजे गेस्टने पुसलेली जागा होस्टला परत मिळते.

अनेक मशीनांपैकी एखादेच सर्वांची डिस्क अडवून बसत असेल, उदाहरणार्थ रात्रीचा बॅकअप घेणारे, तर ‘व्हर्श बीएलकेडिव्हआयओट्यून’ या आज्ञेने त्या मशीनला सेकंदाला होणाऱ्या मागण्यांची कमाल मर्यादा घालता येते. ती चालू मशीनवर लगेच लागू होते. कायम ठेवायची असल्यास ‘कॉन्फिग’ हा पर्याय जोडावा, नाहीतर मशीन बंद करून पुन्हा सुरू करताच मर्यादा नाहीशी होते.